चबचं कुलूप २५ मिनिटांत, ब्रामाचं ५१ तासांत: लंडन १८५१ची पूर्ण केस

गिरगावात आत्याकडे एक जुनं सागवानी कपाट आहे, त्याला पितळी तोंडाचं जुनं इंग्रजी कुलूप. मागच्या वर्षी तिचा फोन आला की अरे, किल्ली हीच आहे, तुझ्या आजोबांच्या हातची, इतकी वर्षं लागत होती आणि आता फिरतच नाही, चावीवाला म्हणतो ड्रिल मारावं लागेल. मी म्हटलं आत्या, कुणाला हात लावू देऊ नकोस, मी येतो. गेलो, किल्ली घातली, आणि उघडायच्या दिशेला न फिरवता आधी उलटी फिरवली, म्हणजे कुलूप लावताना फिरवतो तशी, जरा जोर दिला तर आत बारीक टक् झालं, मग सरळ फिरवली आणि कपाट उघडलं. कुलूप बिघडलेलं नव्हतंच. घरातल्या कुणीतरी जुडग्यातली दुसरी किल्ली घालून बघितली असणार आणि कुलपाने ते लक्षात ठेवून स्वतःला अडकवून घेतलं होतं.

याला डिटेक्टर लॉक म्हणतात. आपल्या इथल्या जुन्या घरांत, पेढ्यांत, ऑफिसांत अशी कुलपं अजून सापडतात आणि ओळखता न आल्यामुळे ड्रिल मारून संपवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तर हेच डिटेक्टर कुलूप, आणि त्याच्या सोबत तेव्हाचं दुसरं सगळ्यात नावाजलेलं कुलूप, एका माणसाने साक्षीदारांसमोर, काहीही न तोडता उघडून दाखवलं, लंडनमध्ये, १८५१च्या उन्हाळ्यात. किल्ली-कुलपाच्या धंद्यात मला ही सगळ्यात जास्त शिकवणारी केस वाटते म्हणून ती पहिल्यापासून लिहून काढतोय. माझं म्हणणं आधीच सांगतो, दोन्ही कुलपं दिसायला, चालायला पूर्ण वेगळी, पण पडली एकाच कारणाने, आणि पहिल्याच्या बाबतीत तर चोर पकडायला म्हणून जो भाग बसवला होता त्यानेच उघडणाऱ्याला मदत केली.

आधी कुलूप ओळखून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१८१७ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली. मग सरकारने जाहीर केलं की फक्त स्वतःच्याच किल्लीने उघडेल असं कुलूप कुणी करून दाखवा. तिथल्याच जवळच्या पोर्ट्सीमधल्या जेरेमाया चबने ते केलं आणि १८१८ला पेटंट घेतलं. लिव्हरची कुलपं त्याच्या आधीपासून होती, रॉबर्ट बॅरन नावाच्या माणसाचं पेटंट १७७८चं. आपल्याकडे कुलपावर '७ लिव्हर' वगैरे छापलेलं असतं ना, तोच प्रकार. आत पत्र्यासारखे चपटे तुकडे एकावर एक रचलेले असतात, प्रत्येकाला स्प्रिंग, प्रत्येकात एक खाच, आणि बोल्टवर, म्हणजे दार अडवून धरणाऱ्या दांड्यावर, एक खुंटा. किल्लीच्या दातांनी प्रत्येक लिव्हर बरोब्बर आपापल्या उंचीला उचलला की सगळ्या खाचा एका रेषेत येतात, खुंटा त्यातून सरकतो आणि बोल्ट मागे जातो. एक लिव्हर जरी केसभर कमी किंवा केसभर जास्त उचलला गेला तरी खुंटा अडतो. बॅरनचं मोठेपण यातच आहे, 'जास्त उचललं तरीही अडणार' हे त्याने आणलं, त्याच्या आधी नुसतं भरपूर वर ढकललं की काम व्हायचं.

चबने यावर आणखी एक गोष्ट बसवली. कुठलाही लिव्हर ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त वर गेला, आणि हत्याराने चाचपताना तो जाणारच, की एक स्प्रिंग त्याला वरच धरून ठेवते. झालं, आता खरी किल्ली घातली तरी कुलूप उघडत नाही. मालकाला लगेच कळतं की कुणीतरी हात घातला होता. सुरुवातीला ते सोडवायला वेगळी किल्ली लागायची, पुढे १८२४च्या सुधारणेत तीच किल्ली उलटी फिरवून सोडवायची सोय झाली. आत्याच्या कपाटात मी केलं ते एवढंच.

हे कुलूप किती पक्कं आहे हे दाखवायला त्या काळी एक गोष्ट सांगितली जायची आणि ती खरी आहे. पोर्ट्समथच्या बंदरात जुन्या जहाजांवर कैदी ठेवलेले असायचे, त्यातला एक जण मूळचा कुलपं करणारा कारागीर, हाताचा एकदम हुशार, तो म्हणाला मी उघडतो. सरकारने उघडलंस तर माफी म्हणून कबूल केलं, चबने १०० पौंड लावले. माणसाला सुटका पाहिजे होती, म्हणजे यापेक्षा मोठं कारण ते काय असणार, आणि वेळ भरपूर. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले. त्यानंतर तीसेक वर्षं चबच्या नावाला कुणी धक्का लावला नाही.

मला त्या कैद्याबद्दल नेहमी वाटतं की तो हरला तो हात कमी पडला म्हणून नाही. तो बहुतेक किल्ली करणाऱ्यासारखा विचार करत असावा, म्हणजे अंदाजाने दात घासायचे, घालून बघायचं, परत घासायचं, आणि दर वेळी डिटेक्टर अडकला की त्याच्या दृष्टीने ती हार. हा माझा अंदाज आहे, पण आजही नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा हेच करतात, कुलूप अडकलं की हत्यार बाहेर काढून परत पहिल्यापासून सुरू. अडकणं ही पण बातमी आहे हे कळायला वेळ लागतो.

आता १८५१. लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काचेचा तो अवाढव्य क्रिस्टल पॅलेस उभा राहिला आणि मे ते ऑक्टोबर जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरलं, ६० लाखांच्या आसपास लोकांनी बघितलं. तिथे सगळ्यात जास्त गर्दी खेचणाऱ्या वस्तूंत आपल्या इथून गेलेला कोहिनूर होता, पंजाब घेतल्यावर लाहोरहून नेलेला, आणि त्याला ठेवायला जो पिंजरा केला होता तो चबचा. म्हणजे चब हे नाव तेव्हा किती भरवशाचं होतं ते यावरून कळेल. त्यावेळी कंपनी जॉन चब बघत होता, त्याने आदल्याच वर्षी, १८५०ला, लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत कुलपांवर अभ्यासपूर्ण पेपर वाचला होता. ही माणसं नुसती दुकानदार नव्हती, आपल्या कामावर जीव असलेली माणसं होती, आणि मला वाटतं हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढची गोष्ट नीट समजत नाही.

त्याच प्रदर्शनात अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज आला. बॉस्टनचा, १८१२चा जन्म, म्हणजे वय ३८. न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूएल कंपनीचं कुलूप विकायला आला होता. विक्रीची त्याची पद्धत अशी की बँकेत जायचं, त्यांच्या तिजोरीला जे कुलूप आहे ते त्यांच्यासमोर उघडून दाखवायचं आणि मग आपलं काढायचं. लंडनला आल्यावर त्याने उघड सांगितलं की इथली चांगली म्हणून चाललेली कुलपं उघडता येतात, चबचंसुद्धा. लोकांना ते अर्थातच आवडलं नाही. मग त्याने लोकांना बोलावलं.

२२ जुलै १८५१, वेस्टमिन्स्टरमध्ये ३४ ग्रेट जॉर्ज स्ट्रीट, तिथे एका पक्क्या खोलीच्या लोखंडी दाराला चबचं सहा लिव्हरचं डिटेक्टर कुलूप होतं. साक्षीला मातब्बर मंडळी हजर. सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी हॉब्जने सुरुवात केली. हातात दोन-तीन लहान, साधी दिसणारी हत्यारं. २५ मिनिटांत कुलूप उघडलं. तेवढ्यावर लोकांचं समाधान होईना म्हणून त्याला सांगितलं की आता त्याच हत्यारांनी परत लावून दाखव, ते त्याने ७ मिनिटांत केलं. दाराला ओरखडा नाही, कुलपाला इजा नाही, हे हजर असलेल्यांनी सह्या करून लिहून दिलं.

परत लावून दाखवणं हा भाग लोक वाचताना सोडून देतात पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण चबचं खरं आश्वासन काय होतं, तर कुणी हात लावला तर तुम्हाला कळेल. उघडून, परत लावून, डिटेक्टर जागेवर सोडून माणूस निघून गेला तर मालकाला काहीच कळत नाही, आश्वासनाचा पाया तिथे गेला.

हे झालं कसं ते नीट सांगतो, तत्त्व तरी.

पहिली गोष्ट, त्याने लिव्हरला हात घालायच्या आधी बोल्टवर दाब दिला. उघडायच्या दिशेला हलका, सतत दाब. आता बोल्टवरचा खुंटा सगळ्या लिव्हरांच्या कडांवर टेकतो. कागदावर सगळ्या लिव्हरांच्या कडा एकाच रेषेत असतात पण माणसाच्या हाताने कानस मारून केलेल्या वस्तूत, आणि खरं तर मशीनने केलेल्यातही, त्या तशा कधीच नसतात, एखादी कड दुसरीपेक्षा केसभर पुढे असतेच. त्यामुळे दाब सहाही लिव्हरांवर सारखा येत नाही, एकावर येतो. तो एक जण जड लागतो, बाकीचे पाच स्प्रिंगवर मोकळे हलतात. दुसऱ्या बारीक हत्याराने एकेक चाचपून जड कोण ते शोधायचं, त्याला हळूहळू उचलायचं, त्याची खाच खुंट्यासमोर आली की बोल्ट किंचित सरकतो, हाताला जेमतेम कळेल इतकंच, आणि मग दाब दुसऱ्या कुणावर तरी जातो. मग तो. मग तिसरा.

इथे हिशोब करून बघा, याच्याशिवाय ही केस कळत नाही असं मला वाटतं. समजा एका लिव्हरच्या आठ वेगवेगळ्या उंच्या शक्य आहेत. सहा लिव्हर म्हणजे आठचा सहा वेळा गुणाकार, २,६२,१४४ वेगवेगळ्या किल्ल्या. सगळ्या करून घालून बघायच्या तर जन्म जाईल, आणि कुलूप विकताना हाच आकडा सांगितला जातो. पण लिव्हर जर एकेकटा कळत असेल तर गुणाकार उरतच नाही, सहा गुणिले आठ, जास्तीत जास्त ४८ प्रयत्न. लिव्हर वाढवून सात केले तर ४८चे ५६ होणार, बस. कुलूप जोवर 'सगळं बरोबर' किंवा 'काहीतरी चूक' एवढंच सांगतं तोवर ते पक्कं, जेव्हा ते 'हा बरोबर, तो अजून नाही' असं सांगायला लागतं तेव्हा ते उघडल्यात जमा.

आणि आता डिटेक्टर. लिव्हर जास्त उचलला गेला की तो अडकतो, खरं ना? मग अडकला याचा अर्थ काय, तर ह्या लिव्हरची खरी जागा मी आत्ता नेलं त्याच्या खाली आहे. ही माहिती फुकट मिळाली. आणि तो सोडवायची सोय तर कंपनीनेच करून ठेवलीय, उलट्या दिशेला फिरवा, सुटतो. मालकाच्या सोयीसाठी केलेली गोष्ट, पण ती किल्लीला ओळखत नाही, हत्याराने केलं तरी सुटतो. म्हणजे हॉब्जला डिटेक्टर अडकण्याची भीतीच राहिली नाही, अडकला की कळलं, सोडवला, पुढे. त्या कैद्यासाठी जी भिंत होती ती याच्यासाठी मोजपट्टी झाली.

चबकडून यावर आक्षेप आले की ते जुनं कुलूप, आम्हाला न कळवता परीक्षा घेतली, वगैरे. तो राग मी समजू शकतो पण उत्तर म्हणून ते पुरत नाही, कारण बाजारात, बँकांत बसलेली कुलपं तीच होती. पुढे त्यांनी कुलपात सुधारणा केल्या हे मात्र सांगायला हवं.

दुसरं कुलूप. इथे केस खरी अवघड होते आणि मला या भागाबद्दल जास्त आदर वाटतो.

लंडनच्याच पिकॅडिली रस्त्यावर १२४ नंबरला जोसेफ ब्रामाचं दुकान. ब्रामा म्हणजे हायड्रॉलिक प्रेसवाला, पाण्याच्या दाबाने चालणारा प्रेस त्याचा, १७९५चं पेटंट. कुलपाचं पेटंट त्याच्या आधीचं, १७८४चं. दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं आणि त्यावर लिहिलेलं की जो कारागीर हे उघडेल असं हत्यार करून आणेल त्याला हत्यार दाखवताक्षणी २०० गिनी मिळतील. २०० गिनी म्हणजे २१० पौंड, तेव्हाची मोठी रक्कम. हे आव्हान पन्नासहून जास्त वर्षं तसंच होतं. ब्रामा स्वतः १८१४ला वारला, धंदा मुलांकडे आला, कुलूप खिडकीतच.

ते कुलूप हेन्री मॉड्सलेच्या हातचं, हे मुद्दाम सांगतो. मॉड्सले वयाच्या अठराव्या वर्षी ब्रामाकडे कामाला लागला, त्याच्या कुलपांचे भाग अचूक व्हावेत म्हणून हत्यारं आणि मशीन त्याने बनवली, पुढे पगार वाढवून मिळेना म्हणून १७९७ला सोडून गेला आणि इंग्लंडच्या मशीन टूल धंद्यातलं पहिल्या ओळीतलं नाव झाला. तर हे कुलूप म्हणजे त्या काळी माणसाच्या हातून निघू शकणारं सगळ्यात अचूक काम. कडा जितक्या अचूक तितकं ते 'हा जड, तो हलका' कमी सांगणार.

ओळखायचं कसं? किल्लीवरून लगेच. दांडा आणि दात असं काही नाही, एक बारीक नळी, आणि नळीच्या तोंडाला कमी-जास्त खोलीच्या चिरा. आज व्हेंडिंग मशीनला जी गोल नळीची किल्ली असते ती बघितली असेल, आतला प्रकार वेगळा आहे पण दिसायला भावंडंच. किल्ली फिरवायची नाही, आधी आत दाबायची. आत एक गोल नळकांडं, त्याच्या भोवती उभ्या खाचांत पातळ पट्ट्या, मागे स्प्रिंग. किल्ली दाबली की प्रत्येक पट्टी आपल्या चिरेच्या हिशोबाने मागे जाते, सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका स्थिर चकतीच्या पातळीला आल्या की नळकांडं फिरतं. खिडकीतल्या कुलपात अशा १८ पट्ट्या होत्या. मगासचाच हिशोब, प्रत्येक चिरेची खोली आठ प्रकारची धरली तर अठरावर पंधरा शून्यं इतक्या किल्ल्या. आणि एकेक कळली तर? १८ गुणिले आठ, १४४.

हॉब्जने आव्हान घेतलं, अटी ठरल्या. ३० दिवस मुदत. पंच तीन, इंजिनिअर जॉर्ज रेनी, किंग्ज कॉलेजचे प्रोफेसर काउपर आणि तिसरे ब्लॅक. ब्रामांच्याच इमारतीत वरची एक खोली. कुलूप लाकडाच्या फळ्यांत असं बसवलेलं की किल्लीचं भोक आणि कडी तेवढी दिसेल. हॉब्ज नसेल तेव्हा भोकावर लोखंडी पट्टी आणि सील. अशा अटी आधी लिहून ठेवणं किती महत्त्वाचं असतं ते कुठल्याही कुलूपवाल्याला विचारा, मी स्वतः कुणाची तिजोरी उघडायला घेतली की मालकाकडून आधी दोन ओळी लिहून घेतो.

२४ जुलैला सुरुवात झाली, चबचं कुलूप उघडून जेमतेम दोन दिवस झाले होते. मध्ये वाद झाले, काही दिवस काम थांबलं. तिथे त्याच्यासमोर अडचणी वेगळ्या होत्या. पहिली म्हणजे स्प्रिंग, पट्ट्या दाबून धरायच्या तर हाताने किती वेळ धरणार, हात थकतो आणि थकलेल्या हाताला बारीक फरक कळत नाही. म्हणून त्याने लाकडाला पक्का स्क्रू करून एक सांगाडा बसवला जो पट्ट्यांवरचा स्प्रिंगचा जोर स्वतः धरून ठेवेल. दुसरं, नळकांड्यावर फिरवणारा दाब सतत आणि सारखा हवा, त्यासाठी दांडी आणि दोरीला वजन. वजन थकत नाही. तिसरं, आत बघायला आरसा लावलेला दिवा. आणि मग मोजमाप, एकेक पट्टी, कुठली जड लागते, किती आत गेल्यावर सुटते, ते लिहून ठेवायचं. परत दुसरी.

खोट्या खाचांची युक्तीही ब्रामांच्या कुलपांत आली होती. म्हणजे पट्टीवर खऱ्या खाचेशिवाय आणखी उथळ खाचा करून ठेवायच्या, त्यात ती अडकली की चाचपणाऱ्याला वाटतं झालं हिचं, प्रत्यक्षात नळकांडं तिथेच अडलेलं. या कामात वेळ जातो तो इथे, बोट सांगतं बरोबर आणि कुलूप उघडत नाही, मग सगळ्या परत तपासा.

२३ ऑगस्टला कुलूप उघडलं. १६ दिवस काम, एकूण ५१ तास. नंतर पंचांसमोर परत उघडून, लावून दाखवलं, आणि मूळ किल्ली लावून बघितली, ती बिनतक्रार चालली, म्हणजे आत काही वाकवलं, तोडलं नव्हतं. २ सप्टेंबरच्या अहवालात पंचांनी एकमताने लिहिलं की बक्षीस हॉब्जचंच. ब्रामांनी निषेध नोंदवून २०० गिनी दिल्या.

त्यांचा निषेध काय होता? की असा सांगाडा ठोकून, दिवा लावून, वजनं टांगून, १६ दिवस कुठल्या चोराला मिळणार आहेत? खिडकीवर एक हत्यार असं लिहिलं होतं, इथे तर अख्खा कारखाना उभा केला. यावर तेव्हा पेपरांत भरपूर लिहिलं गेलं, दोन्ही बाजूंनी.

माझं मत सांगतो. व्यवहारात ब्रामा बरोबर होते. ५१ तास, तेही जगातल्या सगळ्यात चांगल्या हाताला, हे कुलपाचं अपयश म्हणता येणार नाही, मी स्वतः आज कुणाला ते कुलूप दाराला लावायला बिनधास्त सांगेन. पण त्यांनी खिडकीत लिहिलं होतं ते 'उघडायला फार वेळ लागेल' असं नव्हतं, कुणीच उघडू शकणार नाही असा त्याचा अर्थ लोक घेत होते आणि ते घेऊ देत होते. त्या शब्दावर बघितलं तर हॉब्ज जिंकला आणि पंचांचा निकाल योग्यच. तेव्हापासून कुलपाबद्दल बोलताना प्रश्न बदलला, उघडतं का याऐवजी किती वेळात, कुठली हत्यारं लागून, आणि मागे खूण राहते का. आज तिजोऱ्या तपासून दर्जा देतात तो मिनिटांत मोजून देतात.

दुसरी ओरड अशी झाली की हे सगळं उघड केल्याने चोरांना शिकवणी मिळाली. हॉब्जचं म्हणणं होतं की चोरांना त्यांचा धंदा आपल्यापेक्षा आधीच चांगला येतो, माहीत नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्या साध्या माणसाला. मला हे पटतं. आत्याच्या कपाटाची रीत चोराला कळली तर काही बिघडत नाही, त्याच्याकडे पहार आहे. चावीवाल्याला कळली असती तर मला गिरगावला जावं लागलं नसतं.

हॉब्ज नंतर लंडनलाच राहिला, तिथे मशीनने कुलपं करायचा कारखाना काढला, पुढे १८६०च्या सुमारास अमेरिकेला परत गेला, काडतुसांच्या कारखान्यात काम केलं, १८९१ला वारला. त्याचं स्वतःचं म्हणजे डे अँड न्यूएलचं कुलूपही बघण्यासारखं होतं, किल्लीचे दात सुटे, काढून हव्या त्या क्रमाने लावायचे आणि कुलूप आपोआप नवीन किल्लीला जुळवून घ्यायचं, शिवाय आतलं काही दिसू नये म्हणून आत पडदा. लंडनमध्ये एका इंग्रज कारागिराने त्यावर ३० दिवस घालवले, जमलं नाही. आणि काही वर्षांतच अमेरिकेतच लायनस येलने ते उघडलं.

येलचं नाव आपल्याला वेगळ्या कारणाने ओळखीचं. त्याची पेटंटं १८६१ आणि १८६५ची, चपटी छोटी किल्ली आणि आत स्प्रिंगवरच्या पिना, आज आपल्या बहुतेक फ्लॅटच्या दारांना जे गोल सिलिंडरचं कुलूप असतं ते त्याच जातीचं. लिव्हरची जात मात्र आपल्याकडे तिजोऱ्यांत आणि कडी-कोयंड्याच्या कुलपांत जास्त टिकली, १८९७ला अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचं काम सुरू केलं तेव्हा त्यांच्यासमोर इंग्लंडचीच कुलपं होती, आणि स्प्रिंग गंजून मोडते हा आपल्या हवेतला प्रश्न धरून त्यांनी बिनस्प्रिंगच्या लिव्हरचं कुलूप काढलं.

येलच्या पिनाही दाब दिला की एकेक करून जड लागतात, हॉब्जने लिव्हर चाचपले तसेच. त्याला उतारा म्हणून चांगल्या सिलिंडरांत आज काही पिना मधोमध बारीक करतात, डमरूसारख्या. हाताला वाटतं पिन बसली, सिलिंडर किंचित फिरतोही, आणि तिथेच थांबतो. ब्रामांच्या पट्टीवरची ती उथळ खोटी खाचच आहे ही. खिडकीतलं ते १८ पट्ट्यांचं कुलूप आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, कुणी तिकडे गेलात तर किल्लीच्या भोकाकडे जरा वाकून बघा, ५१ तास त्या एवढ्याशा भोकातून काम झालं.